नव्या गायकाचें पहिलें गाणें आणि श्रोत्यांचा धर्म

एखादा तरुण गायक आपल्या गाण्यांचा पहिला संग्रह लोकांपुढें ठेवतो, आणि दुसऱ्याच दिवशीं त्याच्याविषयीं दहा तोंडांतून दहा मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, आवाज गोड आहे पण गाणें उथळ. कोणी म्हणतो, गाण्यांत जीव आहे पण गळा अजून कच्चा. तिसऱ्यास त्यांत एका थोर गायकाची नक्कल दिसते, तर चवथा जुन्यांशीं कांहींच साम्य नाहीं म्हणून रुसतो. आपल्या अकोले तालुक्यांतही हा अनुभव नवा नाहीं. गांवच्या सप्ताहांत नवा पोरगा अभंग म्हणावयास उभा राहिला कीं, टाळ खालीं ठेवण्याच्या आंतच मंडपांत त्याचा न्याय होऊन जातो. अशा भिन्न मतांचें मोल काय, व मत देतांना आपण कोणता विवेक पाळावा, याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलण्याचा या लेखाचा हेतु आहे.

पूर्वीं गाणें गायल्याबरोबर हवेंत विरून जाई, आणि श्रोत्यांचें बरेंवाईट मतही बहुधा त्याच्याबरोबरच विरे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांच्या गाण्याचें ध्वनिमुद्रण झालें, व पुढें आपल्या देशांतील गाणें तबकडीवरून घरोघर जाऊं लागलें. त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तासभर रंगणारा राग तेवढ्यांत आवरावयाचा, आणि तोही समोर कोणी मान डोलावणारा नसतांना! तेव्हांपासून गायकाचें तोंडही न पाहिलेला मनुष्य त्याच्या गाण्याचा पंच होऊन बसला. आज तर गाणें मोबाइलवर येतें, आणि तें अर्धें ऐकण्यापूर्वींच निकाल लिहून मोकळें होतां येतें. साधनें वाढलीं, परंतु ऐकण्याचा धीर त्या मानानें वाढला आहे काय?

ध्वनिमुद्रित गाण्याचें सामर्थ्य लहानसहान नाहीं. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खांसाहेबांची तबकडी ऐकून इतका वेडा झाला कीं, १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, गुरूच्या शोधांत घरांतून निघून गेला. पुढें कुंदगोळ येथें सवाई गंधर्वांपाशीं राहून त्यानें विद्या मिळविली. १९४२ सालीं त्याची स्वतःची पहिली तबकडी निघाली, तींत कानडी व हिंदी भक्तिगीतें होतीं. तोच मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. त्या विशीतल्या गळ्यांतून पुढें काय निघणार आहे, हें त्या वेळच्या श्रोत्यांस कोठून कळणार? पहिलें गाणें हा पेरणीचा दिवस असतो. त्या दिवशीं पिकाची आणेवारी कोणी लावीत नाहीं.

परंतु मतभेदाचें खरें मर्म पाहावयाचें असेल, तर पंडित कुमार गंधर्वांचें चरित्र पाहावें. बेळगांव जिल्ह्यांत १९२४ सालीं जन्मलेले हे शिवपुत्र कोमकली अगदीं बालपणींच मैफली गाऊं लागले. थोर गवयांच्या तबकड्या ऐकून तें गाणें ते जसेंच्या तसें म्हणून दाखवीत. लोक चकित होत, आणि ‘गंधर्व’ ही पदवी त्यांस लहान वयांतच मिळाली. त्या काळीं त्यांच्याविषयीं मतभेद असा फारसा नव्हताच. पुढें मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्यापाशीं त्यांचें शिक्षण झालें. नंतर क्षयाचें दुखणें आलें. १९४८ सालीं ते हवापालटासाठीं माळव्यांत देवास येथें गेले, आणि कित्येक वर्षें त्यांस गाणें मना होतें. त्या सक्तीच्या मौनांत त्यांनीं माळव्याचीं लोकगीतें कान देऊन ऐकलीं. बरे होऊन ते पुन्हा गाऊं लागले, तेव्हां त्यांचें गाणें निराळेंच झालें होतें. नवे राग आले, लोकधुना आल्या, कबीरांचीं निर्गुणी भजनें आलीं. आणि तेव्हां श्रोत्यांत सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, हें घराण्याची शिस्त मोडणारें, तुटक गाणें आहे. दुसरा म्हणे, आत्म्याला हात घालणारें असें गाणें आम्हीं ऐकलेंच नव्हतें. १९९० सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. तरीही वाद मिटला नाहीं, आणि १९९२ सालीं ते गेल्यानंतरही तो जाणकारांत चालूच राहिला.

यांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, दुसऱ्यांचें गाणें म्हणत होते तोंवर सर्वांचें एकमत होतें. स्वतःचें म्हणूं लागले आणि मतें फुटलीं. याचें कारण उघड आहे. नकलेचें माप आपल्या घरीं तयार असतें. मूळ वस्तु आपण पाहिलेली असते, आणि तिच्याशीं ताडून पाहिलें कीं झालें. नव्या वस्तूचें माप मात्र ऐकणाऱ्यास स्वतः घडवावें लागतें. तें कोणी लवकर घडवितो, कोणी उशिरां, तर कोणी तसदीच घेत नाहीं. म्हणून एकमतानें झालेली स्तुति ऐकून तरुण गायकानें हुरळून जाऊं नये, आणि मतें फुटलीं म्हणून खचूंही नये. अर्थात् मतभेद झाला एवढ्यानेंच गाणें थोर ठरतें असेंही नव्हे. बेसूर गाण्याविषयींही लोकांत वाद होऊं शकतो!

तेव्हां मतें मोजण्यापेक्षां तीं पारखावीं हें बरें. कांहीं मतें कानाचीं असतात: येथें सूर चढा लागला, येथें लय सुटली, येथें शब्दाचा उच्चार मोडला. अशीं मतें कडू असलीं तरी औषधासारखीं घ्यावीं. कांहीं मतें केवळ संवयीचीं असतात: ‘आम्हीं असें पूर्वीं ऐकलें नाहीं.’ तीं नम्रपणें ऐकावीं, पण त्यांच्या धाकांत राहूं नये. आणि कांहीं मतें गाण्याचीं नसतातच, माणसाचीं असतात: तो कोणाचा मुलगा, ती कोणाची मुलगी, हिला गाण्याची काय गरज? शंभर वर्षांपूर्वीं कुलीन स्त्रियांनीं तिकीट लावलेल्या मैफलींत बसून गाणें लोकांस रुचत नसे. हिराबाई बडोदेकर यांनीं तें धैर्य केलें, व पुढच्या गायिकांची वाट मोकळी झाली. तिसऱ्या प्रकारच्या मतांपुढें त्या नमल्या असत्या, तर आपण किती गळ्यांना मुकलों असतों!

कोणी विचारील, मग मुलांचे दोष सांगूंच नयेत काय? अवश्य सांगावे. नुसत्या टाळ्यांवर वाढलेलें मूल लवकर कोमेजतें. ज्या बालगायकास सारी मुंबई वाहवा करीत होती, त्यास प्रोफेसर देवधरांनीं विद्यार्थी म्हणून समोर बसविलें. हेंच त्याच्यावर झालेलें मोठें प्रेम होय. परंतु दोष सांगणें निराळें आणि हंसें करणें निराळें. तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा आवाज फुटतो. तो कांहीं काळ ताब्यांत राहत नाहीं. हा निसर्गक्रम आहे, आणि त्या काळांत गळ्यावर फार ताण देऊं नये एवढेंच पथ्य आहे. नेमक्या त्याच वेळीं घरांत कोणी ‘कोंबडा आरवला’ म्हणून खदखदून हंसतो, आणि एक चांगला गळा कायमचा मिटतो. आपल्या डोंगरांतील वाड्यावस्त्यांवरून किती तरी मुलें उपजत लय घेऊन शाळेंत येतात. तीं गाईनाशीं होतात तीं बहुधा गळा नसल्यामुळें नव्हे, कोणाच्या तरी एका वाक्यामुळें.

विद्यार्थ्यांनो, नवें गाणें हातीं आलें तर तें तीनदां ऐका. एकदां नुसतें ऐका. दुसऱ्यांदा त्यांतील चांगलें काय तें शोधा. तिसऱ्यांदा उणें काय तें पाहा. मग मत द्यावयाचें तर कारणासह द्या, आणि जें त्या गायकाच्या तोंडावर सांगण्यास तुम्हांस संकोच वाटेल, तें त्याच्या पाठीमागें लिहूं नका. पालकांस विनंती इतकीच कीं, आपलें मूल गाऊं लागलें म्हणजे त्यास लगेच स्पर्धेच्या काट्यावर तोलूं नये. कान तयार होण्यास वेळ लागतो तसाच गळा तयार होण्यासही लागतो. ज्या गांवांत ऐकणारे शहाणे असतात, त्या गांवांत गाणारे आपोआप निपजतात.