लिंबूटिंबू की भिडू?

पकडापकडीत धाकट्या भावंडाला घ्यावेच लागले, तर मुलांनी त्यावर एक तोडगा काढलेला असतो. कुठे त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणतात, कुठे ‘कच्चा लिंबू’. ते धावते, ओरडते. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बाद झाले तरी कुणाचे काही बिघडत नाही. नेहमीच्या शाळेत दाखल झालेल्या स्वमग्न मुलाची गत पुष्कळदा अशीच होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. पटावर नाव चढले, बाकही मिळाला. मधल्या सुट्टीचे मात्र कायद्यात कलम नाही.

अशा मुलांना ‘सामाजिक कौशल्ये’ शिकवायची म्हणजे त्यांना वेगळ्या खोलीत न्यायचे, ही रूढ पद्धत. तिथे चित्रे असतात, सराव असतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, मदत मागणे, नको असेल तर ‘नको’ म्हणणे हे शिकवलेच पाहिजे. त्याचा आयुष्यभर उपयोग आहे. पण त्याच तासाला ‘डोळ्यांत बघून बोल’ हा धोशाही चालतो. अनेक स्वमग्न मुलांना नजरेला नजर देणे त्रासाचे होते; नजर वळवली तरच त्यांना समोरचे बोलणे नीट ऐकता येते. तिथे शिकवणारा स्वतःचे समाधान करून घेत असतो, दुसरे काही नाही. शिवाय खोलीत पाठ झालेले मैदानावर उतरतेच असे नाही. ‘टाइम प्लीज’ कधी चालतो आणि कधी ती लबाडी ठरते, हे कोणत्या तक्त्यावर लिहिणार?

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे मोलाचा आहे. नेहमीच्या शाळांत शिकणारी ६० स्वमग्न मुले त्यात होती. काहींना थेट कौशल्ये शिकवली गेली. काहींच्या बाबतीत त्यांच्या वर्गमित्रांना शिकवले गेले: मैदानावर एकटे पडलेले मूल कसे ओळखावे, त्याला खेळात कसे घ्यावे. सहा आठवड्यांनंतर ज्यांच्या वर्गमित्रांना शिकवले होते, त्या मुलांचे नाव मित्रांच्या यादीत अधिक वेळा आले, मैदानावरचे त्यांचे एकटेपण कमी झाले आणि हा बदल पुढच्या तपासणीतही टिकून होता.

दुसरा प्रयोग प्रौढांवरचा, एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांचा, २०२० मधला. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट पुढे सांगत न्यायची, आपल्या कानगोष्टींसारखी. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे बिगरस्वमग्न असलेल्या साखळीतही. मिश्र साखळीत ती अधिक गळाली. म्हणजे संवादातली अडचण एकाच बाजूची नाही. ‘स्वमग्न’ या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. स्वतःत मग्न म्हणजे इतरांची गरज नसलेला, असा अर्थ सहज निघतो. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी मुलांना मित्र हवे असतात, खेळात शिरायची वाट सापडत नाही इतकेच.

ती वाट दाखवायला पालकांनी नेमलेली ‘शॅडो टीचर’ पुरत नाही. मोठे माणूस सावलीसारखे चिकटलेले असले की इतर पोरे चार हात लांब राहतात. वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर हे काम जास्त चांगले करू शकतात. कोण स्वमग्न आहे याचा उच्चारही न करता वर्गाला ऑफ तासात हे शिकवता येते: खेळाचे नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, उत्तराला वेळ द्या, ‘येतोस का?’ एवढ्यावर न थांबता ‘तू इथे उभा राहा, चेंडू आला की माझ्याकडे टाक’ असे सांगा. आगगाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ असणाऱ्या मुलाभोवती पत्त्यांचा किंवा नकाशाचा खेळ रचला, तर राज्य दुसऱ्यावरही येऊ शकते.

आणि एखाद्या दिवशी गोंगाटाने तो आधीच शिणला असेल, तर जिन्याखाली एकट्याने डबा खायची मुभाही त्याला हवी. आज खेळायचे की नाही, हे त्यालाच विचारायचे. बोलत नसेल तर दोन चित्रे पुढे धरून.