परवाना हाती आला. पहिले शस्त्र कोणते?

शस्त्रपरवान्यासाठी अर्जदार महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे वाट पाहतो. पोलिसांची चौकशी, जिल्हादंडाधिकाऱ्यांची संमती, शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असे टप्पे पार पडतात आणि मग शस्त्राची निवड मात्र विक्रेत्याच्या टेबलावर अर्ध्या तासात उरकली जाते. पूर्वी ही घाई खपून जात असे, कारण एका व्यक्तीला तीन शस्त्रे बाळगता येत. २०१९च्या शस्त्र (दुरुस्ती) कायद्याने ही मर्यादा दोनवर आणली. ग्वाल्हेर-इंदूरच्या जुन्या घराण्यांत वारसाहक्काने आलेली बारा बोअरची बंदूक असते, गोव्यात बागायतदाराकडे पीकरक्षणाची असते. अशा घरात परवानाधारकापाशी प्रत्यक्षात एकच जागा उरते. ती ज्या पिस्तुलाने किंवा रिव्हॉल्व्हरने भरली, तेच पुढे दहा-पंधरा वर्षे त्याच्याजवळ राहण्याची शक्यता अधिक.

निवडीचा परीघ मुळातच लहान आहे. सैन्य व पोलीस दलांच्या सेवेतील ९ मिमी काडतूस चालवणारी पिस्तुले प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्राची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. सवलत आहे ती प्रथितयश नेमबाजांना. त्यामुळे सेंटरफायर, म्हणजे ज्याच्या बुडाच्या मध्यभागी प्रज्वलक टोपी असते असे काडतूस वापरणारे छोटे शस्त्र म्हटले की येथे बहुधा .३२ हाच आकडा समोर येतो. त्यातही दोन वाटा आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ‘.३२ एस अँड डब्ल्यू लाँग’ हे १८९६ सालचे, पिस्तुलाचे ७.६५ मिमी ब्राउनिंग हे १८९९ सालचे. आकडा तोच असला तरी दोन्ही काडतुसे वेगळी आहेत, आणि एकाच्या शस्त्रात दुसरे घालणे धोक्याचे आहे. नवख्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे.

या सक्तीकडे बहुतेक परवानाधारक नाराजीने पाहतात. ‘.३२ म्हणजे खेळणे’ हे वाक्य शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात हमखास ऐकू येते. ते अर्धवट ज्ञानाचे आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल हा पुरुषांचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतचा बोअर चालतो. तरीही निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य असलेले नेमबाज मोठ्या संख्येने हेच ‘.३२ लाँग’ निवडतात, फक्त चपट्या टोकाच्या गोळीसह, म्हणजे लक्ष्याच्या कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. कारण साधे आहे : धक्का सौम्य आणि अचूकता उत्तम. जसपाल राणा यांनी १९९४च्या हिरोशिमा आणि २००६च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवले ते याच प्रकारात. दोह्यात त्यांनी ५९० गुणांसह विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. कायद्याने नागरिकाच्या गळ्यात बांधलेले काडतूस योगायोगाने शिकाऱ्याला नव्हे, तर शिकणाऱ्याला सर्वांत सोयीचे आहे.

अडचण आहे ती त्या काडतुसाभोवती रचल्या जाणाऱ्या शस्त्राची. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या घटनेची पार्श्वभूमी त्याच्या नावातच होती. ‘महिलांसाठी’ अशी त्याची जाहिरात झाली, वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये ठेवण्यात आली. किमतीवर बरीच टीका झाली. वजनावर जवळजवळ झाली नाही, आणि खरा प्रश्न तोच होता. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले की हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. हलके शस्त्र पर्समध्ये मावते, पण नेमबाजीला ते सर्वांत कठीण. स्पर्धेचे पिस्तूल १,४०० ग्रॅमपर्यंत असू शकते, नळी १५३ मिमीपर्यंत लांब, आणि चाप दाबायला किमान एक किलोचा भार पुरेसा. खिशातल्या रिव्हॉल्व्हरची नळी याच्या निम्मी असते. घोडा न चढवता चाप ओढायचा तर भार कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे ज्या व्यक्तीने आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही, तिच्या हाती जाणकाराची परीक्षा पाहणारे साधन दिले जाते.

याचा परिणाम कोणत्याही प्रशिक्षकाला पहिल्या सहा गोळ्यांत दिसतो. तिसऱ्या गोळीपासून डोळे मिटू लागतात, बार उडण्याआधीच मनगट खाली झुकते. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली-डावीकडे जमतात. प्रशिक्षक मग शिकाऊ नेमबाजाच्या नकळत एक घर रिकामे ठेवतात. चाप दाबल्यावर बार होत नाही आणि नळी मात्र खाली आपटते, तेव्हा दोष शस्त्राचा नव्हता हे त्याचे त्यालाच कळते. ही भीती एकदा अंगात मुरली की काढायला महिने लागतात. म्हणूनच सुरुवात एअर पिस्तूल आणि .२२ रिमफायरवर करण्याची रीत आहे. तेथे धक्का नगण्य आणि काडतूस स्वस्त, त्यामुळे शेकडो गोळ्यांचा सराव परवडतो. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. ‘संकटसमयासाठी’ म्हणून ती कपाटात जपून ठेवण्याकडे कल असतो, आणि सरावाला गोळ्या उरत नाहीत.

चित्र अगदीच स्थिर नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. कानपूरच्या नव्या कंपनीने ऑगस्ट २०२३मध्ये ‘प्रबळ’ हे .३२ रिव्हॉल्व्हर आणले : वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, पल्ला ५० मीटर. जुन्या वेब्ली धर्तीचे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडावे लागे. याचा चक्राकार कोठा बाजूला सरकतो. वाढलेल्या वजनाचे नवख्याने स्वागतच करावे. पल्ल्याच्या आकड्याला मात्र त्याने फार महत्त्व देऊ नये. ५० मीटरवर गोळी पोहोचते, नेम पोहोचतोच असे नाही. पहिल्या वर्षी दहा मीटरवर सहाच्या सहा गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात पडल्या तरी पुष्कळ झाले.

दुकानात पारखण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून मूठ धरावी; नळी मनगट व कोपराच्या रेषेत यावी आणि तर्जनीचे पहिले पेर ताण न देता चापावर टेकावे. हात लहान असेल तर जाड मुठीचे शस्त्र कितीही नामवंत असले तरी नाकारावे. परवानाधारक पन्नाशीतला असेल तर त्याने चष्मा लावूनच नळीच्या टोकावरची खूण पाहावी. ती धूसर दिसली तर बाकी सारे गुण व्यर्थ. मिळेल त्यातले जड, लांब नळीचे, दुरुस्तीची सोय जवळपास असलेले .३२ रिव्हॉल्व्हर ही पहिली निवड ठरते. कमरेला लपते की नाही, हा विचार त्यानंतरचा.

सरकारी यंत्रणेच्या बाजूने मात्र मोठी पोकळी आहे. परवान्यासाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते हाती आल्यानंतर नियमित सराव करायचा कोठे, याचे उत्तर लहान शहरांतील परवानाधारकाला सहसा मिळत नाही. इंदूरजवळ महू येथे लष्कराचे मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधील रौप्यविजेते विजय कुमार तेथेच घडले. त्याच परिसरातील सामान्य परवानाधारकाला त्या मैदानाचा काही उपयोग नाही. त्याची वाट रायफल संघटनेच्या सदस्यत्वातून जाते, आणि संघटनेच्या मैदानावर सेंटरफायरसाठी २५ मीटरची सुरक्षित मांडणी आहे का, हे अर्ज करण्याआधीच विचारून घ्यावे लागते. तेथे .२२वर काढलेल्या सहा महिन्यांत तळहाताचे माप, डोळ्यांची क्षमता आणि सरावाची चिकाटी या तिन्हींचा अंदाज येतो. दोनपैकी उरलेली जागा भरायची की रिकामी ठेवायची, हेही तोवर ठरलेले असते.