गादी, गणवेश आणि परतीची वाट

व्यापारी घरात दुकान एक दिवस बंद ठेवायचे म्हटले तरी त्याचा विचार आठ दिवस आधी होतो. लग्न असो वा यात्रा, गादीवर कोण बसणार हे प्रथम ठरते आणि मगच सामानाची बांधाबांध होते. अशा घरातील कर्त्या माणसाला वर्ष-दीड वर्षासाठी दूरच्या रणभूमीवर जावे लागले तर काय होईल? अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी २००३ नंतर या प्रश्नाला प्रत्यक्ष तोंड दिले.

त्या देशात पूर्णवेळ सैन्याच्या जोडीला राखीव सैनिकांची जुनी परंपरा आहे. नॅशनल गार्ड आणि आर्मी रिझर्व्ह ही तिची प्रमुख अंगे. हा सैनिक एरवी दुकान चालवतो, शाळेत शिकवतो, शेती करतो किंवा गाड्या दुरुस्त करतो. महिन्यातील एक शनिवार-रविवार आणि वर्षातील दोन आठवडे सराव, इतकाच त्याचा गणवेशाशी संबंध असे. इराकच्या युद्धाने हे गणित बदलले. २००५ च्या सुमारास तेथील अमेरिकी फौजेत दहापैकी सुमारे चार जण राखीव दलांतील होते. इराकमधील बारा महिने आणि त्याआधीची तयारी धरता माणूस दीड वर्ष घराला अंतरत असे. जानेवारी २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी या एकूण काळाला बारा महिन्यांची मर्यादा घातली.

या सैनिकांपैकी पुष्कळांचे काम व्यापाऱ्याला ओळखीचे वाटावे असे होते. माल उतरवणे, मोजणे, लादणे आणि ठरल्या ठिकाणी पोहोचवणे. बगदादच्या उत्तरेस बलद येथे रसदीचा मोठा तळ होता. तेथून इंधन, पाणी व अन्न घेऊन ट्रकांचे तांडे निघत, अनेकदा रात्रीच्या अंधारात. रस्त्याकडेला पुरलेला स्फोटक कधी फुटेल याचा नेम नसे. तळावर परतल्यावरही निर्धास्तपणा नव्हता. बलदवर उखळी तोफांचे गोळे इतक्या वेळा पडत, की सैनिकांनी थट्टेने त्या तळाला ‘मॉर्टरिटाव्हिल’ असे नाव दिले होते. उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या आसपास जाई. झोपायला लोखंडी कंटेनरची खोली, भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत.

तरीही दिवसाचा मोठा भाग कंटाळ्याचाच असे. ट्रकची तपासणी, शस्त्राची साफसफाई, कपडे धुवायला देणे, भोजनगृहातील रांग, दूरध्वनीसाठी आणखी एक रांग. घरच्या आणि तिथल्या घड्याळात सात-आठ तासांचे किंवा त्याहून अधिक अंतर. पत्राला तिकीट लागत नसे. पाकिटाच्या कोपऱ्यात हाताने ‘फ्री’ असे लिहिले की ते घरी पोहोचे. वर्षभराच्या मोहिमेत एकदा पंधरा दिवसांची रजा मिळे. घरी फोन झाला तरी दोन्ही बाजू काही ना काही राखून बोलत. सैनिक स्फोटाविषयी बोलत नसे आणि पत्नी थकलेल्या उधारीविषयी.

परतीचा प्रवासही टप्प्याटप्प्याने होई. प्रथम कुवेत. तेथे प्रत्येक पिशवी रिकामी करून जकातीची तपासणी होई. परकी माती आणि कीड मायदेशी जाऊ नये म्हणून वाहने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली जात. मग भाड्याच्या विमानाने जर्मनी किंवा आयर्लंडमार्गे अमेरिका. मेन राज्यातील बँगोर विमानतळावर गावातील वृद्ध मंडळी रात्री-अपरात्री उभी राहून प्रत्येक सैनिकाशी हस्तांदोलन करीत आणि घरी बोलण्यासाठी मोबाइल हाती देत. त्यानंतर फोर्ट मॅकॉयसारख्या छावणीत काही दिवस कागदपत्रे, शस्त्र परत करणे आणि वैद्यकीय तपासणी. झोप लागते का, भीतीची स्वप्ने पडतात का, असेही प्रश्न तेथे विचारले जात. ‘होय’ म्हटले तर घरी जाणे लांबेल, या धास्तीने अनेक जण ‘नाही’वर खूण करीत.

या ‘नाही’चा अर्थ पुढे उलगडला. इराकहून परतलेल्या ८८,२३५ सैनिकांची पाहणी २००७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. परतल्यावर काही महिन्यांनी पुन्हा विचारणा केली, तेव्हा पूर्णवेळ सैनिकांपैकी २०.३ टक्के, तर राखीव सैनिकांपैकी ४२.४ टक्के जणांना मानसिक उपचारांची गरज असल्याचे आढळले. पूर्णवेळ सैनिक छावणीत सोबत्यांमध्येच राहतो. राखीव सैनिक थोड्याच दिवसांत आपल्या गल्लीत परततो. तिथे त्याच्या मनातले ओळखणारा सोबती जवळ नसतो, आणि गिऱ्हाईक मात्र समोर उभे असते.

उपजीविकेचा प्रश्न निराळाच. १९९४ च्या कायद्याने नोकरदाराला संरक्षण दिले. तो परतल्यावर त्याची जागा त्याला मिळते, आणि सेवाज्येष्ठता तो कधी गेलाच नव्हता अशा रीतीने मोजली जाते. स्वतःचे दुकान असणाऱ्याचे काय? त्याच्या गिऱ्हाइकांना कोणता कायदा थांबवून ठेवणार? अशा छोट्या उद्योगांसाठी १९९९ च्या कायद्याने सवलतीच्या कर्जाची सोय केली. पण कर्ज अखेर फेडावेच लागते, आणि तुटलेला विश्वास कर्जाने जोडता येत नाही. ज्यांच्या घरात भाऊ, वडील किंवा पत्नी यांना हिशेब, पुरवठादार आणि उधारी आधीपासून ठाऊक होती, त्यांना हा काळ निभावणे सोपे गेले.

आपल्याकडेही प्रादेशिक सेना आहे. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि पुणे व कोल्हापूर येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न तिच्या पलटणी आहेत. स्वतःचा व्यवसाय सांभाळून देशसेवा, हेच तिचे तत्त्व. त्यामुळे उद्या एखादा तरुण घरात तसा विचार बोलून दाखवील, तेव्हा कुटुंबाने दोन गोष्टींची तयारी ठेवावी. तो जाताना पेढीचे सर्व व्यवहार दुसऱ्या कुणाला तरी नीट समजलेले असावेत. आणि तो परतल्यावर त्याला लगेच गादीवर बसवण्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात ‘कसा आहेस?’ असे सगळेच विचारतात. तोच प्रश्न चौथ्या महिन्यात, दुकान बंद झाल्यावर, निवांत बसून पुन्हा विचारावा आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबावे.