घर बघताना हवाही बघा

घरात मूल आले की पुण्या-मुंबईतले कुटुंब मोठी जागा शोधू लागते. चौरस फूट, शाळा, पाणी, पार्किंग यांची कसून चौकशी होते. हवेची मात्र होत नाही. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. वाहनांचा धूर हमरस्त्यालगत सर्वाधिक असतो, दोन-तीनशे मीटर आत तो बराच विरळ होतो. त्यामुळे त्याच भागात दोन गल्ल्या आतले घरही फरक पाडते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणून टोकन देण्यापूर्वी संध्याकाळच्या गर्दीत आणि रात्री तिथे एकेक फेरी मारावी.

पण आतले घर प्रत्येकाला परवडत नाही. पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपली ४०. हे अंतर घर बदलून मिटणार नाही. बांधकामांची धूळ, जाळला जाणारा कचरा आणि अपुऱ्या बस हा महापालिकांचा प्रश्न आहे. रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांनाही फुप्फुसे तीच असतात.