कॅप्टन बदलला, आता दुबेचं काय?

२१ मार्च २०२४. आयपीएल सुरू व्हायला एकच दिवस उरलेला. वाळूजहून शहरात येणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये त्या संध्याकाळी ट्रॅफिक, पगारवाढ, पाणी कितव्या दिवशी येणार, हे सगळे विषय बंद! चर्चा एकच. धोनीनं चेन्नईची कॅप्टन्सी सोडली आणि ती आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे आली.

बाकीचे इमोशनल झालेले, मला मात्र वेगळंच टेन्शन. रात्री बाराला आमच्या ऑफिस लीगची टीम लॉक होणार होती आणि माझ्या टीममध्ये होता शिवम दुबे.

आमची लीग म्हणजे साधा मामला. एक एक्सेल शीट, प्रत्येकाला खोटे शंभर कोटी, रन आणि विकेटचे पॉइंट्स. कॅप्टन केलेल्या खेळाडूचे पॉइंट्स डबल. पैसे लावायचे नाहीत, हा नियम अकाउंट्सच्या काकांनी पहिल्या दिवशीच घालून दिलेला. (पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदाच केला, तेव्हा काकांची कॉलर दोन इंच वर गेली होती!) शेवटच्या नंबरवाल्यानं सगळ्यांना नान खलिया खाऊ घालायचा, एवढीच शिक्षा.

तर दुबे. माझं लॉजिक एकदम क्लिअर होतं. हा माणूस बंगळुरूकडे होता, राजस्थानकडे होता, पण चमकला कुठे? २०२२ मध्ये चेन्नईनं चार कोटींना घेतल्यावर. त्याच सीझनला बंगळुरूविरुद्ध ४६ चेंडूंत नाबाद ९५. २०२३ मध्ये ४१८ रन. म्हणजे हा सगळा धोनीचा फंडा! धोनी बाजूला झाला, दुबे संपला. मी त्याला विकून टाकला.

घेतला कोणी? टेस्टिंगमधल्या माझ्या मैत्रिणीनं. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, कॅप्टन बदललाय, रिस्क आहे.’’ तिनं शांतपणे विचारलं, ‘‘त्याची जागा बदलली का? मग चेंडू तेवढेच मिळतील ना?’’

पाच दिवसांनी, २६ मार्चला, दुबेनं गुजरातविरुद्ध २३ चेंडूंत ५१ मारले. मग वानखेडेवर मुंबईविरुद्ध ३८ चेंडूंत नाबाद ६६. मग लखनौविरुद्ध २७ चेंडूंत ६६. सीझनच्या शेवटी ३९६ रन! आणि हिशोब बघा. २०२३ मध्ये धोनीच्या हाताखाली तो १६ सामन्यांत २६४ चेंडू खेळला, २०२४ मध्ये ऋतुराजच्या हाताखाली १४ सामन्यांत २४४. सामन्यामागे साडेसोळाचे झाले साडेसतरा. कॅप्टन बदलला, बाकी काही नाही.

नान खलियाचं बिल कोणी भरलं, ते विचारू नका.

मैत्रिणीचं म्हणणं इतकंच होतं. ओपनरला चेंडू मिळणारच. बॉलरला चार ओव्हर बहुतेक वेळा मिळतात. पण चार-पाच नंबरला येणाऱ्याला मिळतं ते वरच्यांनी शिल्लक ठेवलेलं. त्याची किंमत लावायची तर आधी शिल्लक किती राहणार ते बघायचं. मग समोर बॉलर कोण, ते. दुबे स्पिनला उचलून मारतो, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्याच २०२४ मध्ये, त्याच ऋतुराजच्या कॅप्टन्सीत, पंजाबच्या हरप्रीत ब्रार आणि राहुल चहर या स्पिनर्सनी त्याला लागोपाठच्या दोन सामन्यांत पहिल्याच चेंडूवर घरी पाठवलं. त्याला कॅप्टन काय करणार?

हाच प्रश्न सातासमुद्रापारही आहे बरं का! न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग खेळतो. तिथे टाइट एंड नावाचा एक गडी असतो. अर्धा वेळ समोरच्याला धडक देऊन अडवायचं आणि अर्धा वेळ क्वार्टरबॅकनं फेकलेला बॉल झेलायचा. म्हणजे क्वार्टरबॅक बदलला की टाइट एंडवाल्यांच्या पोटात गोळा! २०१८ मध्ये कॅन्सस सिटीनं ॲलेक्स स्मिथच्या जागी पोरसवदा पॅट्रिक माहोम्सला आणलं. त्यांचा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी आदल्या वर्षी १२२ वेळा बॉल आल्यावर ८३ झेलत होता. त्या वर्षी १५० वेळा आला, १०३ झेलले. दोन्ही वर्षी शंभरातले अडुसष्ट-एकोणसत्तरच. हात तेच, बॉल जास्त आले. मावसभाऊ म्हणतो, ‘‘आम्ही क्वार्टरबॅकचं नाव नंतर बघतो, बॉल कितीदा येणार ते आधी.’’ मला एकदम आमच्या टेस्टिंगवाल्या मॅडम आठवल्या.

पण जित्याची खोड! एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराजच्या कोपराला फ्रॅक्चर झालं आणि धोनी पुन्हा कॅप्टन. मी लगेच दुबेला परत घेतला. पहिल्या तीन सामन्यांत ३१, ४३ आणि ५०! बसमध्ये मी छाती काढून फिरत होतो. ‘‘बघितलं? धोनी आला, दुबे जागा झाला.’’

मैत्रीण म्हणाली, ‘‘अरे, वरचे लवकर आउट होतायत म्हणून हा लवकर येतोय. कोलकात्याविरुद्ध टीमचेच १०३ झाले. त्यात याचे २९ चेंडूंत ३१. हा मारत नाहीये, सावरतोय.’’

मी ऐकलं नाही. दुबेला कॅप्टन केलं, डबल पॉइंट्स. पुढचे तीन सामने? १२, ६ आणि ८. त्यातले आठ सगळ्यात शिकवून गेले. ३ मे, बंगळुरूविरुद्ध. आयुष म्हात्रेनं ४८ चेंडूंत ९४ मारले, जडेजानं नाबाद ७७. वरचे टिकले आणि दुबेच्या वाट्याला चेंडू आले तीन! तिन्हीत मिळून आठ काढले, नाबाद. याहून जास्त बिचाऱ्यानं काय करायचं?

सीझन संपल्यावर तिनं शीट उघडून दाखवली. ऋतुराजच्या पाच सामन्यांत दुबेचे ७४ चेंडूंत १०६, धोनीच्या नऊ सामन्यांत १९६ चेंडूंत २५१. म्हणजे सामन्यामागे चेंडू १५ वरून २२ वर गेले, रन वाढले आणि स्ट्राइक रेट १४३ वरून १२८ वर आला. माझं उत्तर अर्धं बरोबर होतं, कारण मात्र पूर्ण चुकलेलं. आणि कारण चुकलं की पुढच्या तीन सामन्यांत आपटायला होतं.

आता हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतलं, ते सांगतो. त्याच मार्च २०२४ मध्ये माझाही कॅप्टन बदलला होता. मला नोकरीत घेणारे, सांभाळून घेणारे सर पुण्याला गेले. नव्या मॅडम आल्या आणि मी रोज रात्री सीव्ही उघडून बसायला लागलो. ‘‘सर होते म्हणून मी होतो. आता माझं काही खरं नाही,’’ हे मी आईलासुद्धा सांगून टाकलेलं. नुकताच सिडकोतल्या वन बीएचकेचा हप्ता सुरू झालेला, त्यामुळे झोपेचे बारा वाजलेले.

दुबेचं ५१ बघितल्यावर एका रविवारी मी वही काढली. आठवड्यात माझ्याकडे काय काय येतं? सरांच्या वेळी चार कामं होती: दोन क्लायंट, महिन्याचा रिपोर्ट आणि सोमवारचं प्रेझेंटेशन. मॅडम आल्यावर? दोन्ही क्लायंट माझ्याकडेच, रिपोर्टही माझाच. गेलं होतं फक्त प्रेझेंटेशन. तेवढ्यावरून मी स्वतःला विकायला काढलं होतं!

सोमवारी मॅडमकडे गेलो आणि सरळ विचारलं, ‘‘प्रेझेंटेशन आता माझ्याकडे नाही का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही करत होता? मला कोणी सांगितलंच नाही.’’ पुढच्या महिन्यापासून ते परत माझ्याकडे आलं. दर वेळी असंच होईल असं नाही. चारातली तीन कामं गेली असती तर सीव्ही पाठवणंच शहाणपणाचं ठरलं असतं. पण निदान मोजून तरी पाठवला असता.

टीम लावण्याआधी

१. खेळाडूची जागा बदलली का? कॅप्टनचं नाव नंतर.
२. त्याच्या वर कोण आहेत? ते टिकणारे की पडणारे? नोव्हेंबर २०२५ मध्ये जडेजा राजस्थानला गेला आणि संजू सॅमसन चेन्नईत आला. दुबेवाल्यांनी बघायची बातमी ही!
३. समोर स्पिन किती, वेग किती?
४. इम्पॅक्ट प्लेअर म्हणून नुसती बॅटिंग करणार असेल, तर बॉलिंगचे पॉइंट्स विसरा.
५. गावकीचं प्रेम आवरा. २०२३ मध्ये आम्ही सगळ्यांनी तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर घेतला. आपल्या मराठवाड्याचा पोरगा! पहिल्याच सामन्यात तीन विकेट्स. पण त्या सीझनमध्ये त्याला सामने मिळाले दोनच.

आणि हो, २०२५ चं नान खलियाचं बिलही मीच भरलं. काकांनी दोनदा रस्सा मागून घेतला.