विश्लेषण : जुनी बीएमडब्ल्यू घेणे स्वस्त, मग सांभाळणे महाग का?

चेन्नईजवळच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीतील कारखान्यात बीएमडब्ल्यूचे उत्पादन मार्च २००७ मध्ये सुरू झाले. तेथे जोडल्या गेलेल्या पहिल्या ‘३ सीरिज’ आणि ‘५ सीरिज’ गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षे आता उलटून गेली आहेत. एकेकाळी बड्या उद्योजकांच्या दारात दिसणाऱ्या या गाड्या आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात साध्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी त्याहून कमी पैशांत मिळतात. त्यामुळे पगारदार तरुण आणि हौशी मंडळी त्यांच्याकडे वळत आहेत. मात्र गेल्या काही महिन्यांत नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढले आहे आणि दिल्लीतील जुन्या गाड्यांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही बदलला आहे. या हौसेचे गणित नेमके कसे आहे, ते पाहू.

या गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात?

आलिशान गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने घसरते. कंपनीची वॉरंटी आणि देखभालीचे पॅकेज संपले की पहिला मालक गाडी विकून नवी घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येईपर्यंत मोठ्या दुरुस्त्यांची वेळ जवळ आलेली असते आणि बाजाराला ते ठाऊक असते. त्यात दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तेथील गाड्या इतर राज्यांत विक्रीला येऊ लागल्या. पुरवठा वाढला आणि भाव आणखी खाली आले.

हौशी लोकांना या पिढीचे आकर्षण वाटण्याची कारणे वेगळी आहेत. ‘ई९०’ या अंतर्गत क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या ३ सीरिजमध्ये ३२५आयसारख्या मॉडेलना सरळ रांगेतले सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन मिळत असे. ताकद मागच्या चाकांना जाते आणि वजन पुढे-मागे जवळपास समान वाटलेले असते. आजच्या बहुतेक गाड्यांत छोटी टर्बो इंजिने असल्याने चालवण्याचा तो अनुभव नव्या गाडीत सहजी मिळत नाही.

खर्च नेमका कुठे येतो?

गाडीची किंमत घसरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही. तीस-पस्तीस लाखांच्या गाडीचा पार्ट तीन लाखांत घेतलेल्या गाडीलाही त्याच भावात मिळतो. शिवाय काही दुखणी या पिढीत ठरलेली आहेत.

पहिले दुखणे कूलिंगचे. सहा सिलिंडरच्या ‘एन५२’ इंजिनात पाण्याचा पंप पट्ट्यावर नव्हे, विजेवर चालतो. तो बहुतेकदा पूर्वसूचना न देता बंद पडतो. कूलंटची टाकी आणि जोडण्या प्लास्टिकच्या असल्याने वयानुसार ठिसूळ होतात. त्यातच ई९०च्या मीटरमध्ये कूलंटच्या तापमानाची सुई नाही. इशाऱ्याचा दिवा लागल्यावरही गाडी रेटली तर ॲल्युमिनियमचा सिलिंडर हेड वाकण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या वाहतूक कोंडीत हा धोका वाढतो. त्यामुळे जाणकार मालक बिघाडाची वाट न पाहता पंप, थर्मोस्टॅट आणि पाइप एकदमच बदलतात.

दुसरे दुखणे डिझेल गाड्यांचे. २००७ पासून आलेल्या चार सिलिंडरच्या ‘एन४७’ इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. सुरुवातीच्या इंजिनांत ही चेन आणि तिचे मार्गदर्शक झिजण्याच्या तक्रारी जगभर आल्या. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचे मोठे नुकसान होते. चेनपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे या कामात पार्टपेक्षा मजुरीच जड जाते. थंड इंजिन सुरू करताना मागच्या बाजूने खरखर ऐकू येणे ही धोक्याची खूण मानली जाते.

तिसरा मुद्दा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. त्यातील तेल ‘आयुष्यभर’ पुरते, असा समज कंपनीच्याच माहितीतून रूढ झाला. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. अनेक जुन्या गाड्यांत ते एकदाही बदललेले नसते.

इलेक्ट्रॉनिक्सचा खर्चही ध्यानात घ्यावा लागतो. या गाड्यांत बॅटरी बदलली की नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहते. ई९०मध्ये व्होल्टेज फार खाली गेल्यास दिवे आणि काचा नियंत्रित करणारे मोड्यूल निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मेकॅनिककडे पान्यांबरोबरच बीएमडब्ल्यूचे ‘इस्टा’ हे तपासणी सॉफ्टवेअर आणि ते वापरण्याचे ज्ञान असावे लागते.

सुटे भाग कुठून येतात?

अधिकृत सेवा केंद्र हा एक मार्ग. दुसरा, मूळ पुरवठादारांचा. बीएमडब्ल्यूच्या खोक्यात येणारे अनेक भाग बॉश, माहले, झेडएफ, लेमफर्डर यांसारख्या कंपन्या बनवतात. तोच दर्जा त्यांच्या स्वतःच्या खोक्यात बरेचदा कमी किमतीत मिळतो. दिल्लीतील काश्मिरी गेट ही अशा मालाची मोठी बाजारपेठ आहे. तिसरा मार्ग भंगारातील गाड्यांचा. दिल्लीचे मायापुरी आणि मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठी ओळखले जातात. दरवाजे, दिवे, आसने असे भाग तेथून घेणे परवडते. ब्रेक, एअरबॅग, सस्पेन्शनचे भाग मात्र वापरलेले घेऊ नयेत.

स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळावीत, हा मुद्दा भारतात जुना आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने बीएमडब्ल्यूसह १४ कार कंपन्यांना खुल्या बाजारात सुटे भाग व तांत्रिक माहिती मिळू न दिल्याबद्दल अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्याविरुद्ध कंपन्यांनी दाद मागितली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. त्याचे बंधनकारक कायद्यात रूपांतर अद्याप झालेले नाही.

विम्याचा उपयोग किती?

येथे अनेक नवे मालक फसतात. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते आणि ते बाजारभावाच्या आसपास असते. दुरुस्तीचा खर्च मात्र नव्या भागांच्या किमतीने येतो. खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. एरवी किरकोळ वाटणाऱ्या अपघातात दोन एअरबॅग उघडल्या आणि एक हेडलाइट फुटला तरी जुनी बीएमडब्ल्यू या रेषेपर्यंत जाऊ शकते. शिवाय प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झीरो डेप्रिसिएशन’ संरक्षण इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क कारसाठी ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढील गाड्यांसाठी नवा टप्पा आणला : कारला १० हजार आणि आयात केलेल्या कारला ८० हजार रुपये. चेन्नईत जोडलेली गाडी आणि पूर्ण तयार स्वरूपात परदेशातून आलेली गाडी, यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत उलटल्यास कारला दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क पडते. चेन्नईतील पहिल्या गाड्या २०२७ मध्ये २० वर्षांचा टप्पा ओलांडतील.

दिल्लीच्या आदेशाचा महाराष्ट्राशी संबंध काय?

दिल्लीतील वयाचे निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ मधील आदेशांतून आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना इंधन न देण्याचा प्रयोग झाला, पण विरोधामुळे तो काही दिवसांत थांबवावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम दिलासा दिला. १७ डिसेंबरला तो बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरता मर्यादित झाला.

बीएमडब्ल्यूच्या दृष्टीने ही रेषा एप्रिल २०१० वर पडते. त्या महिन्यात बीएस-४ मानक दिल्ली, मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत लागू झाले. म्हणजे २००७ ते २०१० मधील बहुतेक गाड्या बीएस-३ ठरतात आणि त्यांची दिल्लीतून बाहेर विक्री होण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात वयाची अशी सरसकट बंदी नाही. पण दिल्लीतील स्वस्त गाडी आणणाऱ्याला तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, येथील नवी नोंदणी आणि वाहन कर हा खर्च मूळ किमतीत मिळवावाच लागतो. नोंदणीची किती वर्षे उरली आहेत, तेही पाहावे लागते.

गाडीत बदल करणे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हेच स्पष्ट केले. झिजलेला भाग त्याच मापाच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती असते. रंग बदलणे किंवा त्याच प्रकारचे इंजिन बसवणे परवानगी आणि आरसीत नोंद करून शक्य आहे. बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

हौशी वर्तुळात सर्वाधिक चालणारा बदल म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे ‘रीमॅप’. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून पकडला जात नाही. डिझेल गाडीतील काजळीचा फिल्टर काढून टाकणेही असेच चालते, कारण नेहमीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता तेवढी मोजली जाते. पण जास्तीच्या ताकदीचा ताण त्याच जुन्या गिअरबॉक्स आणि कूलिंगवर येतो, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो.

निरुपद्रवी वाटणारा बदलही जिवावर बेतू शकतो. जुलै २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत २००६ ते २०१२ च्या काळातील सुमारे ३ लाख ९० हजार ३ सीरिज गाड्या परत बोलावल्या. कारण असे, की काही मालकांनी मूळ स्टिअरिंग काढून स्पोर्ट प्रकारचे स्टिअरिंग बसवले होते आणि त्यात टाकाटा कंपनीचा सदोष एअरबॅग इन्फ्लेटर असण्याची शक्यता होती. असा इन्फ्लेटर फुटला तर धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर उडतात. भारतातही वापरलेली स्पोर्ट स्टिअरिंग आवडीने बसवली जातात. चॅसी क्रमांकावरून रिकॉल तपासला तरी मागाहून बसवलेल्या भागाची माहिती त्यात मिळत नाही.

इतर देशांत काय पद्धत आहे?

जर्मनीत बदलांना सरसकट मनाई नाही. प्रमाणित भाग बसवून अधिकृत तपासणी संस्थेकडून त्याची कागदोपत्री नोंद करता येते. ३० वर्षांवरील, चांगल्या स्थितीतील मूळ स्वरूपाच्या गाडीला ‘एच’ अक्षराची विशेष पाटी मिळते. तिला वर्षाला सुमारे १९१ युरो एकरकमी कर लागतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश मिळतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जा ५० वर्षांनंतरच मिळतो. त्यामुळे १५ ते ५० या वयोगटातील जपलेली गाडी आणि दुर्लक्षित गाडी कायद्याच्या नजरेत एकच ठरते.

वय पाहावे की स्थिती?

निर्बंधांमागील कारण खोटे नाही. डिझेल कारला बीएस-३ मध्ये किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा होती, बीएस-४ मध्ये ती ०.०२५ आणि बीएस-६ मध्ये ०.००४५ ग्रॅम झाली. कितीही निगा राखली तरी २००८ ची डिझेल गाडी आजच्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. त्या अर्थाने वयापेक्षा मानकाकडे पाहण्याचा न्यायालयाचा ताजा निर्णय अधिक तर्काला धरून आहे. मात्र महिन्यातून दोनदा निघणारी पेट्रोल गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी डिझेल गाडी यांत तोही फरक करत नाही. तो करायचा तर प्रत्यक्ष उत्सर्जनाची विश्वासार्ह चाचणी हवी, आणि आजची पीयूसी व्यवस्था त्या तोडीची नाही.

तोवर हौस करणाऱ्याने हिशेब आधीच मांडलेला बरा. घेण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी, सेवेच्या नोंदी, आरसीवरील मानक व उरलेली मुदत पाहावी आणि खरेदीच्या किमतीबरोबरच पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवावी. ती रक्कम हाताशी नसेल, तर स्वस्तात मिळालेली ही गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहण्याचीच शक्यता अधिक.