व्हिक्टर हाराचे गाणे आणि एक कारकून

मागच्या रविवारी आमच्या चाळीच्या ओट्यावर गाण्यांचा विषय निघाला. शेजारचा एक पोरगा बारावी करून कुरिअरच्या कामाला लागला आहे. त्याने आम्हांला रोखठोक विचारले, "काका, गाणी म्हणून होतं काय? कुणाचं काय बदलतं?" वीस-बावीस वर्षे आम्ही सभांच्या सतरंज्या उचलल्या, पावत्या फाडल्या, पण याचे उत्तर चटकन सुचले नाही. त्याला जी हकिगत सांगितली तीच आज वाचकांपुढे ठेवतो आहोत.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा एक चिंचोळा, लांबलचक देश आहे. तांब्याच्या खाणींचा देश. तिथे 28 सप्टेंबर 1932 रोजी व्हिक्टर हारा जन्मला. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, दारूच्या आहारी गेलेला. आई अमांदा लग्नात, मयतीत गिटार घेऊन गाणारी. पोराच्या कानावर गाणे पडले ते असे, शिकवणी लावून नव्हे. पुढे आई मुलांना घेऊन राजधानी सांतियागोला आली आणि बाजारात जेवणाचे दुकान चालवू लागली. व्हिक्टरने हिशेबनीस होण्याचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. आई वारली आणि ते अर्धवट सुटले. (आम्ही मात्र कॉमर्स पुरे केले आणि खुर्चीला चिकटलो!) नंतर तो नाटक शिकला, दिग्दर्शक म्हणून नावाजला. व्हिओलेता पारा नावाची थोर बाई त्या काळी खेडोपाडी फिरून लोकांची गाणी गोळा करीत होती. तिने याला गाण्यासाठी उत्तेजन दिले आणि हळूहळू नाटक मागे पडून गिटार पुढे आली.

वाद्यांचा ताफा नाही, विजेवरची वाद्ये नाहीत. एक साधी लाकडी गिटार आणि बोलल्यासारखा मऊ आवाज. हा माणूस ओरडत नाही. रागाचे गाणेसुद्धा तो असा म्हणतो, की शेजारी बसून कुणी दुःख सांगावे. आम्हांला भाषा येत नाही. मराठीत कुणी अर्थ सांगितला तेव्हाच शब्द कळले. पण आवाज त्याआधीच कळला होता.

9 मार्च 1969 रोजी पुएर्तो मोंत या गावी पडीक जमिनीवर झोपड्या टाकून राहिलेल्या कुटुंबांवर पोलीस पहाटे चालून गेले. गोळीबारात आणि धुरात दहा-अकरा जीव गेले, त्यात एक तान्हे मूल. हाराने त्यावर गाणे रचले आणि त्यात सरळ गृहमंत्र्याचे नाव घेऊन जाब विचारला. 'सरकार', 'व्यवस्था' असे मोघम शब्द वापरून त्याला सुटता आले असते. आपल्यापैकी पुष्कळजण भाषणात तेच करतो. त्याने तसे केले नाही, म्हणून पुढे श्रीमंतांच्या मुलांच्या एका शाळेत हे गाणे म्हटल्यावर त्याच्यावर दगड आले.

त्याच वर्षी त्याचे अमांदावरचे गाणे आले. आईचे नाव त्याने गाण्यातल्या कारखान्यातील मजुराच्या प्रेयसीला दिले, मजुराला बापाचे, मानुएल. पाच मिनिटांच्या सुट्टीत ती त्याला भेटायला धावत येते. एक दिवस तो लढायला डोंगरात जातो आणि परत येत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटत असे, त्या आमच्या वाचक भगिनींना याहून जास्त सांगायला नको.

पण आमच्या मते त्याचे सर्वांत मोठे काम 1972 ची 'ला पोब्लासियोन' ही तबकडी. या शब्दाचा अर्थच वस्ती. सांतियागोमध्ये 1967 साली बेघर कुटुंबांनी रातोरात जमीन ताब्यात घेऊन झोपडपट्टी वसवली. त्या धामधुमीत एक तान्ही मुलगी दगावली, तिचेच नाव लोकांनी वस्तीला दिले, एर्मिंदा. हारा टेपरेकॉर्डर घेऊन त्या वस्तीत गेला, बायामाणसांशी बोलत बसला आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच आवाजात तबकडीवर घेतले. चिखलात चिंध्यांच्या चेंडूशी खेळणाऱ्या लुचीन नावाच्या पोराचे गाणे त्यातलेच. गरिबावर गाणारे ढीगभर असतात. गरिबाला तबकडीवर बोलू देणारा विरळा.

1970 साली साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष झाले. हाराने त्यांचा प्रचार केला होता. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. त्याच्या पक्षाविषयी वाचकांची मते काहीही असोत, लहान मुलाला रोज अर्धा लिटर दूध देणाऱ्या त्या सरकारच्या बाजूने तो का उभा राहिला, हे समजायला कठीण नाही. 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने ते सरकार उलथवले. हारा त्या दिवशी विद्यापीठात गेला होता. दुसऱ्या दिवशी तेथील सर्वांना पकडून एका बंदिस्त क्रीडागृहात कोंडले. तिथे त्याला ओळखले गेले, बेदम मारले गेले. 16 सप्टेंबरला त्याला ठार केले. अंगावर चाळीसहून अधिक गोळ्यांच्या जखमा होत्या. त्याचे हात तोडले, अशी कथा जगभर सांगतात. ती खरी नाही. हातांवर मारले, तोडले नाहीत. झाले ते काय कमी होते, म्हणून आपण त्यात भर घालावी?

इथे ती गोष्ट येते, जी वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो. शवागारात प्रेतांचा ढीग लागला होता. ठसे घेऊन नोंद करण्यासाठी जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कचेरीतले कर्मचारी तिथे पाठवले होते. त्यांतल्या एका तरुण कारकुनाने हाराला ओळखले. गप्प राहून पुढचा कागद ओढला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. आणि हारा बेवारस म्हणून सामुदायिक खड्ड्यात गेला असता. त्याने घर शोधून काढले आणि बायको जोन हिला जाऊन सांगितले. मग तिला शवागारात नेले, कागदपत्रे उरकून दिली. 18 सप्टेंबरला दफनभूमीच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात शवपेटी ठेवली तेव्हा जोन धरून तिघेच हजर होते.

आम्हीही कारकून आहोत. 'आपल्या हातात काय आहे, साहेब सांगतील ते' हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणतो, त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

जोन मूळची इंग्लंडची, नृत्य शिकवणारी. दोन मुलींना घेऊन ती देशाबाहेर पडली. गाण्यांच्या मूळ टेपा लपवून बाहेर काढल्या गेल्या, म्हणून आज ती ऐकायला मिळतात. चिलीत त्यांच्यावर बंदी होती. पुढे ती परत गेली आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिली. 2009 मध्ये प्रेत पुन्हा बाहेर काढून तपासणी झाली, आणि डिसेंबरात दुसऱ्यांदा अंत्ययात्रा निघाली. तिघांच्या जागी हजारो लोक होते. 2018 साली निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली 28 ऑगस्ट 2023 रोजी, म्हणजे खुनाला पन्नास वर्षे भरायला 19 दिवस उरले असताना. त्यातला एक शहाऐंशी वर्षांचा अधिकारी तुरुंगात नेण्याआधीच स्वतःला गोळी घालून मेला. जोन त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला गेली. आणखी एक आरोपी अमेरिकेत जाऊन राहिला होता. तो चिलीला परत पाठवला गेला तिच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांनी.

हे सगळे ओट्यावर सांगून झाले तेव्हा पोराने मोबाईलवर लुचीनचे गाणे शोधून लावले होते. पुरे ऐकले. मग त्याने विचारले, "काका, त्या कारकुनाचं पुढं काय झालं?"

तो फ्रान्सला निघून गेला. पुष्कळ वर्षे कुणाजवळ बोलला नाही. खटला पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याने जबानी दिली.